गादी कडक हवी की मऊ?

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या होत्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. तो पुण्याला कारखान्यात नोकरीला असतो. आईची कंबर दुखते म्हणून दिवाळीच्या बोनसमधून त्याने तिच्यासाठी मेमरी फोमची गादी घेतली होती. गादी दहा इंच जाडीची, किंमत तीस हजारांच्या घरात. मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, एवढी भारी गादी आणली, पण आईचं दुखणं काही कमी होत नाही. उलट वाढलंच आहे."

मावशी गप्प बसून होत्या. मुलगा समोरच्या दुकानातून औषधे आणायला गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्याला सांगू नका, पण मी त्या गादीवर झोपतच नाही. रुतल्यासारखं होतं. कूस बदलता येत नाही, रात्री लघवीला उठायचं म्हटलं तर पाय जमिनीला टेकत नाहीत. तो पुण्याला गेला की मी खाली सतरंजी टाकून झोपते. पोरानं हौसेनं आणलेली वस्तू, त्याचं मन कसं मोडायचं?"

पलंगावर तीस हजारांची मऊ गादी आणि खाली थंडगार फरशीवर सतरंजी! मावशींसाठी ही दोन्ही टोके चुकीची होती. त्यांना हवी होती मधली वस्तू, आणि ती त्या घरात नव्हती. आज या सदरात त्या मधल्या वस्तूविषयीच लिहायचे आहे. पण त्याआधी मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे.

फळीवर झोपा!

पाठ किंवा कंबर दुखते म्हणून कोणी आले की पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी एक ठरलेला सल्ला देत असू, "गादी काढून टाका आणि फळीवर झोपा." मीही हा सल्ला वर्षानुवर्षे दिला. आमच्या शिक्षकांनी आम्हाला तो दिला होता, त्यांच्या शिक्षकांनी त्यांना दिला असेल. ऐकायला तो पटण्यासारखाही आहे. कडक म्हणजे मजबूत आणि मऊ म्हणजे चैनीचे, असे आपल्या मनात कुठेतरी बसलेले असते.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले एक गुरुजी आले. तक्रार पाठीची नव्हती. दोन्ही खांदे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची हाडे दुखत होती, आणि त्यामुळे रात्री तीन-चार वेळा जाग येत होती. मी विचारले, "गुरुजी, झोपता कशावर?" ते म्हणाले, "प्लायवूडवर एक चादर. तुम्हीच तर सांगितलं होतं, पंधरा वर्षं झाली. आमच्या सौ.ने गादी घ्या म्हणून किती सांगितलं, पण डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून घेतली नाही."

मला काय बोलावे ते सुचेना. विद्यार्थ्यांना शिस्त लावणाऱ्या या माणसाने माझा एक अर्धवट सल्ला पंधरा वर्षे शिस्तीने पाळला होता. आणि मी तो सल्ला दिला, त्याच्या कितीतरी आधी त्यातली चूक दाखवून देणारे संशोधन प्रसिद्ध झालेले होते. माझ्या वाचनात ते फार उशिरा आले.

ते संशोधन स्पेनमधले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. बरेच दिवस कंबर दुखत असलेल्या, पण त्यामागे कोणताही विशिष्ट आजार नसलेल्या ३१३ माणसांना त्यात घेतले होते. त्यांच्यापैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली. कोणती गादी कोणाकडे गेली हे त्या माणसांनाही सांगितले नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. नव्वद दिवसांनी पाहिले, तर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. अंथरुणावर पडल्यावरचे दुखणे, सकाळी उठतानाचे दुखणे आणि दिवसभराच्या हालचालीतली अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम गादी कडक गादीपेक्षा सरस ठरली.

याचे कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेशी आणि कमरेशी तो आत वळतो, पाठीच्या वरच्या भागात बाहेर येतो. फळीवर उताणे झोपले की पाठ आणि ढुंगण टेकतात, पण कमरेखाली पोकळी राहते. मग तिथले स्नायू रात्रभर ताठ राहतात. कुशीवर झोपले तर सगळा भार खांद्यावर आणि मांडीच्या हाडावर येतो. उलट गादी फार मऊ असली, तर ढुंगणाचा जड भाग खाली जातो आणि कणा झोळीसारखा वाकतो. म्हणजे गादीने दोन कामे केली पाहिजेत. जड भागाला रुतू न देता उचलून धरायचे आणि उंच हाडांना थोडी जागा करून द्यायची. एक काम करणाऱ्या गाद्या पुष्कळ आहेत, दोन्ही करणारी शोधावी लागते.

मेमरी फोम म्हणजे काय?

हल्ली तालुक्याच्या गावीही मेमरी फोमच्या गाद्यांचे फलक लागले आहेत. विक्रेते सांगतात, "ही अंतराळवीरांची गादी आहे." यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या कामातून १९६६ साली हा फोम तयार झाला, पण तो विमानाच्या आसनांसाठी. धक्का बसला तर तो शोषला जावा आणि बराच वेळ बसणाऱ्याला आराम मिळावा, हा उद्देश होता. त्याची गादी पुढे झाली.

त्याचा गुण असा, की तो वजनाने आणि अंगाच्या उबेने हळूहळू दबतो, अंगाचा आकार घेतो आणि उठल्यावर सावकाश पूर्ववत होतो. त्यामुळे एकाच हाडावर येणारा भार आजूबाजूला वाटला जातो. अंगाने बारीक असलेल्या, खांद्याची-खुब्याची हाडे टोचणाऱ्या माणसांना याने बरे वाटू शकते. मेमरी फोम वाईट असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण तो औषधही नाही.

त्याच्या गुणातच त्याचा दोषही आहे. तो उबेने मऊ होतो आणि थंडीने कडक. आता हे आपल्या खानदेशात काय करते पाहा. दुकानात एसी चालू असतो. तिथे पाच मिनिटे बसून पाहिलेली गादी घट्ट वाटते. तीच गादी मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना आणि वीज गेलेली असताना, आणखी मऊ होते. शिवाय अंगाभोवती फोम बसल्याने वारा खेळत नाही आणि पाठीला घाम येतो. उलट डिसेंबरच्या पहाटे ती अंमळ कडक लागते. म्हणून आपल्याकडे ही गादी घ्यायचीच असेल, तर वरचा मेमरी फोमचा थर दोन इंचांच्या आसपास आणि खाली चांगला घट्ट आधार असलेली घ्यावी. नुसता मऊपणा पाहून जाड थराची घेऊ नये.

दुकानात काय विचारावे?

पहिली गोष्ट, ‘ऑर्थोपेडिक’ या शब्दावर भुलू नये. तो शब्द गादीवर छापायला कोणा अस्थिरोगतज्ज्ञाची सही लागत नाही. या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक गाद्या म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला बॉन्डेड फोम असतो किंवा काथ्याचा कडक थर असतो. म्हणजे कापड चढवलेली फळीच! गुरुजींची फळी निदान फुकट तरी होती.

दुसरी गोष्ट, ‘डेन्सिटी’ म्हणजे कडकपणा नव्हे. विक्रेताही पुष्कळदा यात गल्लत करतो. डेन्सिटी पन्नास म्हणजे त्या फोमच्या एक घनमीटर तुकड्याचे वजन पन्नास किलो, एवढाच त्याचा अर्थ. ती जास्त असली की गादी सहसा जास्त टिकते. पण जास्त डेन्सिटीचा फोम मऊ असू शकतो आणि कमी डेन्सिटीचा कडक. तेव्हा दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आत कोणकोणते थर आहेत आणि प्रत्येक थर किती इंचांचा, हेही विचारावे. नाव मेमरी फोमचे आणि आत एका इंचाखाली सगळा साधा फोम, असेही असते.

तिसरी गोष्ट, कडकपणाचा आकडा. कोणी एक ते दहा असे गुण देतात आणि दहा म्हणजे सर्वांत कडक असे सांगतात. पण स्पेनच्या त्या संशोधनात युरोपातले माप वापरले होते, त्यात एक म्हणजे सर्वांत कडक आणि दहा म्हणजे सर्वांत मऊ! आकडा असा उलटा-सुलटा असतो. शिवाय पंचेचाळीस किलोच्या बाईला जी गादी कडक लागते, तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते. म्हणून छापील आकड्यापेक्षा आपल्या पाठीची साक्ष महत्त्वाची.

ती साक्ष कशी काढायची? चपला काढून, लाज न बाळगता, गादीवर सरळ आडवे व्हावे. दहा-पंधरा मिनिटे तरी पडून राहावे, म्हणजे फोमला ऊब लागते आणि त्याचे खरे रूप कळते. उताणे असताना कमरेखाली हात सरकवून पाहावा. हात मोकळा आरपार जात असेल, तर गादी कडक आहे. हात शिरतच नसेल, तर कंबर रुतली आहे. हात थोडा घासत, पण जात असेल, तर गादी जमली. मग नेहमीच्या कुशीवर वळावे आणि बरोबरच्या माणसाला मागून पाहायला सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ आडवी सरळ दिसली पाहिजे. खांदा दाबला जाऊन मुंग्या येत असतील, तर ती गादी सोडावी. शेवटी, कोणाचा हात न धरता कूस बदलून आणि उठून बसून पाहावे. मावशींच्या गादीची ही एक परीक्षा कोणी घेतली असती, तर तीस हजार वाचले असते.

जे कुशीवर झोपतात त्यांना गादी किंचित मऊ चालते, उताणे झोपणाऱ्यांना मध्यम, आणि वजनाने भारी असलेल्यांना थोडी घट्ट. नवरा-बायकोच्या वजनात फार फरक असेल, तर एकच मोठी गादी घेण्यापेक्षा दोन वेगळ्या गाद्या शेजारी टाकाव्यात. काही कंपन्या ठरावीक रात्री घरी वापरून गादी परत करण्याची मुभा देतात. तशी सोय असेल तर अटी लेखी घ्याव्यात आणि मुदत संपण्याच्या आत खरोखर त्या गादीवर झोपून पाहावे.

पलंगाची उंचीही विसरू नये. पलंग आधीच दीड फूट उंच, त्यावर दहा इंचांची गादी, म्हणजे म्हाताऱ्या माणसासाठी तो ओटाच झाला. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. या वयात रात्री पलंगावरून उतरताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर ते कंबरदुखीपेक्षा कितीतरी भारी पडते. तसेच पट्ट्या सैल झालेल्या किंवा मध्ये झोळ आलेल्या लोखंडी खाटेवर कितीही चांगला फोम टाकला, तरी तो त्या झोळातच बसणार. आधी खाट नीट करावी.

कापसाची गादी विसरू नका

आपला जिल्हा कापसाचा. सरकी काढलेल्या चांगल्या कापसाची, चार-पाच इंच जाडीची, जाड गादीपाटाच्या कापडात भरलेली आणि सपाट लाकडी पलंगावर टाकलेली गादी ही बहुतेकांसाठी मध्यम कडकच असते. तिच्यात हवा खेळते. दोन-तीन वर्षांत ती दबून गठ्ठे पडले की पिंजाऱ्याकडे नेऊन पुन्हा पिंजून भरून घेता येते, आणि तेही फोमच्या गादीच्या मानाने फार थोड्या पैशांत. लोक मात्र काय करतात? दहा वर्षे न पिंजलेल्या, दगड झालेल्या गादीवर झोपतात आणि ‘कापसाच्या गादीने पाठ धरली’ म्हणून फोम घ्यायला धावतात. माझे मत विचाराल, तर घरात कापसाची गादी असेल, तर आधी ती पिंजून घ्या आणि महिनाभर झोपून पाहा. फरक पडला नाही, तर मग पैसे खर्च करायला वाट मोकळी आहेच.

फोमची गादी घेतलीच, तर तिची निगा वेगळी असते. कापसाची गादी आपण गच्चीवर कडक उन्हात टाकतो. फोमला तसे करू नये, उन्हाने तो पिवळा पडून ठिसूळ होतो. तिला सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. नवीन गादीला वास येतो, म्हणून वापरण्याआधी एक-दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून ती मोकळी टाकावी. पाणी ओतून धुऊ नये. आणखी एक सूचना कळकळीची. फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गादीवर पडून विडी-सिगारेट ओढणे किंवा मच्छर-कॉइल गादीला खेटून ठेवणे पूर्ण टाळावे.

तान्ह्या बाळाला मात्र मेमरी फोमवर कधीही झोपवू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उताणेच झोपवावे, जवळ उशा-दुलया ठेवू नयेत. मऊ फोममध्ये तोंड रुतले, तर बाळाला मान वळवता येत नाही आणि श्वास कोंडतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांनीही लक्षात ठेवावे, की गादी कितीही चांगली असली, तरी दर दोन तासांनी कूस बदलून दिली पाहिजे. ते काम गादी करत नाही.

गादीच्या पलीकडे

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक पाठदुखीचा दोष गादीवर टाकू नये. सकाळी उठताना दुखते आणि तासा-अर्ध्या तासाच्या हालचालीने कमी होते, पाहुण्यांकडे दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यावर बरे वाटते, अशा वेळी गादीचा संशय घ्यायला हरकत नाही. पण पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री ठणका वाढत असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर गादीच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. पायातली शक्ती कमी होणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही थांबू नये.

आणि कंबर धरली म्हणून आठवडाभर अंथरुणावर पडून राहणे, मग ते फळीवर असो की फोमवर, हाही जुना समज आता सोडला पाहिजे. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात कंबर धरलेल्या माणसांचे तीन गट करून पाहिले. काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती दिली, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तेवढे रोजचे काम करत राहायला सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजचे काम करणारे! चांगली गादी रात्रीचे सात-आठ तास सांभाळेल. उरलेल्या वेळात चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, ओझे उचलताना गुडघ्यात वाकणे, हे आपले आपल्यालाच करावे लागते.

गुरुजींनी आता फळीवर कापसाची गादी टाकली आहे. खांद्यांचे दुखणे पुष्कळ कमी झाले आहे. मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टर, चूक कळली की ती फळ्यावर पुसून पुन्हा लिहायची असते, मी पोरांना तेच शिकवत आलो." म्हणून हा लेख.

आणि मावशी? त्यांची परवानगी घेऊन मी मुलाशी बोललो. त्याला वाईट वाटले, पण ते गादीचे नव्हे. आई एवढे दिवस फरशीवर झोपत होती आणि आपल्याला कळले नाही, याचे. ती गादी त्याने पुण्याला नेली. मावशींच्या पलंगावर पिंजून घेतलेली जुनी गादी आली, आणि सोबत मी सांगितलेले चार व्यायाम.

आईवडिलांसाठी काही आणावे असे वाटणारी मुले अजून आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगणे, की गादी घ्यायला जाताना ज्याला तिच्यावर झोपायचे आहे त्याला बरोबर न्या, आडवे व्हायला सांगा, आणि ‘बरं वाटतं का?’ असे विचारून उत्तराची वाट पाहा.